आक्काची अर्धी सांधणी

सन २०२५. मला त्र्याहत्तरावं लागलं आहे, आक्का, आणि ह्या वयात मला आपल्याच मागाच्या खोलीत एकट्यानं जायची भीती वाटते.

हे ऐकून तू तोंडाला पदर लावून हसली असतीस. येवल्यात आपल्या गल्लीत रंगनाथ कुणाला भ्याला असं कुणी सांगणार नाही. लहानपणी मागाच्या खड्ड्यात नाग निघाला, तेव्हा वडील ओट्यावर चढून बसले आणि मी काठीनं त्याला बाहेर काढला. म्हणजे मी तसं सांगतो. काठी तुझ्या हातात होती. मी नुसता ओरडत होतो. हे आपल्या दोघांनाच माहीत होतं, आता एकट्या मला.

आज त्या खोलीत साप नाही, विंचू नाही. माग आहे, आणि मागावर तू अर्धी ठेवून गेलेली सांधणी आहे. डावीकडचे दोरे जोडलेले, ताठ. उजवीकडचे मोकळे, जुड्या बांधून लोंबत ठेवलेले. पंखा लावला की ते हलतात म्हणून मी पंखा लावत नाही. तरी हलतात.

उद्या सकाळी माझा पोरगा प्रकाश त्याला कात्री लावणार आहे. काप असं मीच म्हणालोय. आणि आज दुपारी मला असं काही कळलंय की अक्षर वाकडं येतंय. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर तसंही वाकडंच, पण एवढं नाही. घरात कुणाला सांगायची छाती होत नाही. म्हणून तुला लिहितो. तुला सगळं ठाऊकच आहे, तरी पहिल्यापासून लिहितो, नाहीतर मला स्वतःलाच नीट लागत नाही.

आपल्या घरात साडी पुरी झाली की साडी कापतात, ताणा कापत नाहीत. उभ्या दोऱ्यांची वीतभर शेपटी फणीतच, दर घरात एकेक दोरा, तशीच ठेवायची आणि नव्या रेशमाचा एकेक दोरा त्या जुन्या एकेक दोऱ्याला पीळ देऊन जोडायचा. हजारो दोरे. गोवरीची चाळलेली राख चिमटीत घ्यायची, दोन टोकं धरायची, फिरवायची, मोडायची, पुढचा. गाठ नाही, काही नाही, नुसता पीळ. म्हणून फणी कधी रिकामी होत नाही. पणजोबांनी भरलेल्या ताण्याला आजोबांचा जोडला, त्याला वडलांचा, त्याला माझा. मी आल्यागेल्याला छाती काढून सांगायचो, "ह्या मागावरचा ताणा चार पिढ्यांत तुटलेला नाही."

तू मागून म्हणायचीस, "दोरा कुठला राहतोय तेवढा? पीळ राहिलाय. तोबी तुझ्याच अंगात जास्त."

सांधणी पहिल्यापासून बायांची. आई करायची, मग तू. तुला सायखेड्याला दिलं होतं, मळेवाल्यांच्या घरात. चार वर्षांत नवरा गेला आणि तू एक पेटी घेऊन परत आलीस. मी तेव्हा नुकताच खड्ड्यात पाय सोडून विणायला बसायला लागलो होतो. तू पेटी ठेवलीस, हात धुतलेस आणि विचारलंस, "राख कुठंय?" त्या दिवसापासून मागच्या पंधरवड्यापर्यंत ह्या मागावर दुसऱ्या कुणाचा पीळ नाही. कधी आजारपणात सूनबाईची, सुनीताची थोडी मदत झाली असेल तेवढीच. सुनीताला तू शिकवलंस, मी नको म्हणत असताना.

नको कशाला म्हणालो? आज कारण आठवत नाही. मला नको म्हणायची सवय होती.

आणि तुला विणायला बसू दिलं नाही, तेही मीच. वडील म्हणायचे, बाईचा पाय खड्ड्यात नको. वडील गेल्यावर ते मी म्हणायला लागलो. गल्लीत निम्म्या घरांत आता बाया विणतात, पोरी मोर काढतात पदरावर, तरी मी म्हणतच राहिलो. तू दर दोन-तीन वर्षांनी विषय काढायचीस. शेवटचा काढलास तेव्हा म्हणालीस, "राहू दे. तुमच्या खड्ड्यात तुम्हीच पडा." आपण दोघं हसलो होतो. भांडण मिटलं असं मी समजलो. ते मिटलं नव्हतं ना?

आता त्या मंगळवारचं.

नाशिकहून कॉलेजच्या बाई आल्या होत्या, आठ-दहा पोरी घेऊन. जुनं काम, घरोघरचं कापड, काही वाया न घालवता कसं करतात ते बघायला. तू सांधणीला बसली होतीस. पोरी तुझ्याभोवती. तू त्यांना तो डबा दाखवलास, मागावरची तुटकी टोकं साठवतेस तो. आपल्या घरातल्या प्रत्येक पाळण्याची दोरी त्या टोकांची वळलेली आहे हे सांगितलंस. बाईंना ते फार आवडलं. "म्हणजे आजी, तुमच्या ह्या कामात वाया काहीच जात नाही?"

"जातात की," तू म्हणालीस. "डोळे."

पोरी हसल्या. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, स्वतःचं सांगतेस.

मग एका पोरीनं विचारलं, "आजी, हा एकच दोरा बाजूला का? आणि लाल का बांधलाय?"

तू तोंड उघडायच्या आत मी पुढं वाकलो. नव्या ताण्यातला एक दोरा तू जोडलाच नव्हतास. बाजूला काढून त्याच्या टोकाला लाल सूत बांधलं होतंस आणि पुढचे दोरे जोडत गेली होतीस. माझं डोकंच फिरलं. सांधणीत एक दोरा चुकला की पुढचा प्रत्येक दोरा शेजाऱ्याच्या घरात जातो. सगळं उलगडायचं, आणि उलगडताना रेशीम तुटणार.

"आक्का, दोरा सोडलास तू."

"सोडला नाय."

"मग हे काय लोंबतंय?"

"त्याला जागा नाय, रंगा."

"जागा नाय? चार पिढ्या जागा होती, आजच बरी गेली!"

तू पुढचा दोरा उचललास. शेजारचा एकनाथ, त्याचा स्वतःचा माग चाळीस पावलांवर, पण कान कायम आपल्या दारात, तो उंबऱ्यावरून म्हणाला, "म्हातारपण हाय ओ आक्का. होतं."

तेवढ्यावर थांबायचं. मी थांबलो नाही. त्या परक्या पोरींसमोर मी तुला म्हणालो, "हात गेले तुझे. ऊठ आता."

सुनीता दारात होती. ती म्हणाली, "अण्णा, आत्यांचं चुकत नसतं."

"तू गप."

तू उठलीस. एक हात गुडघ्यावर टेकून, सावकाश. मोरीत जाऊन हाताची राख धुतलीस. मग त्या पोरींना चहा केलास आणि साखर पुरती आहे का म्हणून विचारलंस.

दुसऱ्या दिवशी तू सांधणीला बसली नाहीस आणि मी बस म्हणालो नाही. जेवताना तू एवढंच म्हणालीस, "शनिवारी प्रकाश आला की त्याच्यासंगं जा, डोळे दाखवून ये."

मी म्हणालो, "तुझे दाखव आधी."

आपलं शेवटचं बोलणं हे. गुरुवारी सकाळी ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसलीस आणि खांबाला टेकलीस. सुनीताला वाटलं डुलकी लागली. सुपातला एक दाणा सांडला नव्हता.

दहावा नाशिकला गंगेवर केला. म्हटलं, आता कावळा शिवायचा नाही. आता सगळे माझ्याकडे बघणार, बोला अण्णा, काय राहिलं बहिणीचं, कबूल करा. पिंड ठेवला आणि आम्ही मागं सरतोय तोवरच कावळा आला. शिवला आणि गेला. लोक म्हणाले, बाई तृप्त होऊन गेली. प्रकाशनं डोळे पुसले. मला मात्र तिथं पाण्याच्या कडेला भीती वाटली. तुझं माझ्याकडं काही मागणंच नव्हतं. रागावली असतीस तर मी काहीतरी कबूल करून सुटलो असतो. तू मला तसाच ठेवून गेलीस.

तेरावा झाला. प्रकाश अंबडला कारखान्यात असतो, आठवडाभर तिकडं खोलीवर, शनिवारी घरी. त्यानं सरळ हिशेबी विचारलं. "अण्णा, सांधणी चुकलीय असं तुम्हीच म्हणता. उलगडली तर तुटणार. मग ठेवून करायचं काय? फणीसकट काढून टाकू. तयार भरलेली फणी मिळते, लावून देतात."

सुनीता म्हणाली, "मी बघते ना उलगडून. हळूहळू."

मी म्हणालो, "काप."

का म्हणालो? ती खोली नजरेसमोर नको झाली होती म्हणून. आणि चुकलीय हे मी दहा जणांत बोललो होतो, ते खरं ठेवायचं होतं म्हणून. रविवारी सकाळी करू, असं ठरलं. एकनाथ मदतीला येतो म्हणाला. तो येणारच.

आज शनिवार. दुपारी जेवण झाल्यावर मी खोलीत गेलो. मागाला तुझ्या दिवसांत घातलेला हार सुकला होता, तो काढावा, धोटा उचलून ठेवावा, एवढंच मनात होतं. हार काढताना नख फणीवरून गेलं. लहानपणी आपण हे मुद्दाम करायचो, आणि वडील ओरडायचे. टर्रर्र वाजत जातं ते. आज वाजता वाजता एका जागी आवाज पोकळ झाला. मी नख मागं नेलं. पुन्हा पोकळ. बोटानं चाचपलं. फणीचं एक घर रिकामं. जुना दोराच नाही तिथं. आणि बरोबर त्याच्या समोर तुझा तो लाल बांधलेला दोरा.

त्याला जागा नाय, रंगा.

मी खाली बसलो. मग साडी कापल्यावर मागावरच गुंडाळून राहिलेला शेवटच्या विणीचा तुकडा उलगडला आणि अंगठा फिरवला. उभी रेघ लागली, केसाएवढी, टोकापर्यंत. तो दोरा सांधणीच्या आधीच गेलेला होता. मी विणत असताना तुटला आणि मला दिसला नाही. मी तसाच विणत गेलो. तू ते रिकामं घर बघितलंस, त्याच्या वाटणीचा नवा दोरा वेगळा ठेवलास, मला सापडावा म्हणून त्याला लाल बांधलंस आणि पुढचे सगळे ज्याच्या त्याच्या घरात जोडलेस. तुझी सांधणी बरोबर आहे. पहिल्या दोऱ्यापासून बरोबर आहे.

मी उजवा डोळा झाकून फणीकडं बघितलं. घरं दिसली, पुसट. डावा झाकला. फणी गेली. माग गेला. खिडकीचा उजेड तेवढा राहिला, दूध सांडल्यासारखा.

मग एकेक आठवायला लागलं, आणि प्रत्येक आठवणीनं जास्त घाबरवलं. रोज पहाटे मी उठायच्या आत तू मागाजवळ असायचीस. विचारलं तर म्हणायचीस, झाडतेय. रोज एवढा केर कुठून येतो, असं मी एकदा खेकसलो होतो. तू केर काढत नव्हतीस. आदल्या दिवशी माझ्याकडून तुटलेले दोरे जोडत होतीस. किती वर्षं? तीन? पाच? दिवाळीच्या तोंडावर आठ दिवस तुला ताप होता, तू अंथरुणावर होतीस. त्याच आठ दिवसांतला हा दोरा. आठ दिवस तू नव्हतीस तर एवढं झालं. आता तू कायमचीच नाहीस.

आणि ती साडी विकलीही गेली. कुठल्यातरी नव्या नवरीच्या अंगावर माझी ती रेघ आहे.

त्या मंगळवारी तुला एक वाक्य बोलायचं होतं. "रंगा, दोरा तुझ्याकडून गेलाय." बाई होत्या, पोरी होत्या, एकनाथ होता. मी तुझे हात काढले आणि तरी तू माझे डोळे काढले नाहीस. वर चहा केलास. तेव्हा मनात काय होतं तुझ्या? माया होती, की "जाऊ दे, ह्याला काय सांगायचं" असं होतं? हे मला आता कोण सांगणार? मला दोन्हीची भीती वाटते. आणि तुझे उपकार मानायला जातो तर तोंडात तेच शब्द येतात, ऊठ आता.

मी आता काय करू, ते बोल.

उद्या काही बोललो नाही तर कात्री लागेल. पणजोबांपासूनचा पीळ जाईल, आणि गल्लीत कायमचं राहील की आक्काचे हात गेले म्हणून रंगनाथचा ताणा कापावा लागला. एकनाथ ते मालेगावपर्यंत सांगेल. आणि बोललो, तर दोरा माझ्याकडून गेला म्हणावं लागेल. दिसत नाही म्हणावं लागेल. मग मला खड्ड्यातून उठावं लागेल. पंचावन्न वर्षं माझे पाय त्या खड्ड्यात आहेत. मी शाळा शिकलो नाही, शेती केली नाही, बायको गेल्यावर धड चहा करायलाही शिकलो नाही, तो तू केलास. खड्ड्यातून वर आलो की मी कोण? ओट्यावर बसलेला, वाट विचारत मोरीपर्यंत जाणारा म्हातारा. त्याची मला त्या नागापेक्षा जास्त भीती वाटते. आणि ह्या वेळी काठी धरायला कुणी नाही.

बाहेर दिवे लागले. प्रकाश आला वाटतं, फटफटीचा आवाज आला. सुनीता हाक मारतेय. अजून माझं काही ठरलेलं नाही. वही मिटतो.

*

आक्का, रविवारी सकाळी काय केलं, तेवढं लिहितो.

अंघोळ केली. चहा घेतला नाही. खोलीत गेलो तेव्हा प्रकाश आधीच आला होता, हातात कात्री, ती मोठी शिंप्याची. कापलेलं रेशीम धरायला सुनीतानं खाली धुतलेलं लुगडं अंथरलं होतं. एकनाथ दाराला टेकून होता.

मी खड्ड्यात उतरलो नाही. मागच्या बाजूला, तू बसायचीस तिथं जाऊन बसलो. गुडघे वाजले.

प्रकाश म्हणाला, "अण्णा, तिकडं कुठं बसताय? लागंल काहीतरी."

मी म्हणालो, "कात्री खाली ठेव."

"आता काय झालं?"

"आक्काची सांधणी बरोबर हाय." मी फणीवर हात ठेवला. "दोरा माझ्याकडून गेला. विणताना तुटला, मला दिसला नाय. मला दिसत नाय. उजव्या डोळ्यानं काहीच नाय, डाव्यानं थोडं."

मी सुनीताचा हात धरून तिचं बोट त्या रिकाम्या घरावर नेलं. बोट दोनदा चुकलं. "हे बघ. हे रिकामं. त्या लालवाल्याची जागा ही."

तिनं वाकून बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग मागं वळून एकनाथला म्हणाली, "बघितलंत ना काका? मग सांगा आता गल्लीत. मंगळवारचं सांगितलंत तसंच."

एकनाथनं टोपी काढली, पुन्हा घातली. "आक्काचा हात होता तो," म्हणाला आणि गेला. प्रकाशनं कात्री फळीवर ठेवली. माझ्याकडं बघत राहिला.

सुनीतानं लाल सूत सोडलं, दोरा त्या घरातून ओवून घेतला. मग पदर खोचला, राखेची वाटी पुढं ओढली आणि तू जिथं थांबली होतीस तिथला पहिला मोकळा दोरा चिमटीत धरला. मी तिच्या हाताकडं बघत बसलो होतो. बघत म्हणजे, ऐकत. पीळ बसतो तेव्हा बारीक आवाज येतो, तो.

"अण्णा," ती म्हणाली, "जरा सरका. उजेड अडतोय."

मी सरकलो.